आमच्याकडे सगळे सहजच येतात

फोनवर पलीकडचा माणूस "काही नाही गं, सहजच केला" म्हणाला की माझ्या पोटात गोळा येतो. कारण आमच्याकडे सहज कुणी फोन करत नाही. आम्ही महाबळेश्वरला राहतो. पुण्यातल्या माझ्या बहिणीला महिनाभरात जितक्या नातेवाइकांचे फोन येतात तितके मला लाँग वीकेंडच्या आधीच्या एका बुधवारी येतात, आणि सगळ्यांची सुरुवात सारखीच, सासूबाईंचे गुडघे कसे आहेत, मुलाची बारावी ना यंदा, पाऊस काय म्हणतोय, मग मध्येच एक बारीक पॉज, आणि मग "तुमचं काय बाई, रोजच पिकनिक!" हे वाक्य आलं की समजायचं, तिकडे गाडीत पेट्रोल भरून झालेलं आहे.

मी लग्न होऊन इथे आले त्याला आता एकोणीस वर्षं झाली. माहेर पुणं. खोटं कशाला बोलू, स्थळ आलं तेव्हा मलाही असंच वाटलेलं. रोज संध्याकाळी वेण्णा लेकला चक्कर, हातात कणीस, वाऱ्यावर ओढणी वगैरे. पहिल्याच जून महिन्यात ती ओढणी धुवून वाळत टाकली ती दसऱ्याला वाळली. इथे वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, हा आकडा शाळेत भूगोलात वाचलेला, पण त्याचा अर्थ असा की मिठाचं पाणी होतं, काडेपेटी पेटत नाही, दारं फुगून बसतात, कपाटातल्या चपलांना हिरवी लव येते आणि नवऱ्याचा लग्नातला कोट पावसाळ्यात बाहेर काढला तर त्याच्यावर अळंब्या उगवल्यात की काय असं वाटतं. धुवायचे कपडे आणि धुतलेले कपडे हात लावून ओळखू येत नाहीत, वास घेऊन ठरवावं लागतं, आणि ऑगस्टपर्यंत तेही जमेनासं होतं. आणि ह्या सगळ्याला बाहेरची माणसं 'किती रोमँटिक' म्हणतात.

तर गेल्या १५ ऑगस्टच्या आधी सोलापूरच्या वन्संचा असाच सहज फोन आला. ह्यांची चुलत बहीण. "आम्ही चौघंच येतोय, मुलांना जरा पाऊस दाखवावा म्हटलं." पाऊस दाखवावा! जसा काही तो आम्ही पिंजऱ्यात ठेवलाय. पण त्यांचंही चूक नाही, सोलापुरात वर्षभरात पडतो सात-साडेसातशे मिलिमीटर, आमच्याकडे २०२१ च्या जुलैत एका दिवसात जवळपास ६०० पडला होता, आंबेनळी घाटाचा रस्ता वाहून गेला, तेव्हा मात्र कुणाचा सहज फोन आला नव्हता. असो. चौघं म्हणजे प्रत्यक्षात आले नऊ. वन्सं, भाऊजी, दोन मुलं, भाऊजींचे आईवडील, भाऊजींची बहीण, तिचे मिस्टर आणि एक मुलगा जो कुणाचा होता हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही, तो सगळ्यांना काका-काकूच म्हणायचा.

सकाळी दहाला पाचगणीत पोचलो असा मेसेज आला. पाचगणी ते आमचं घर म्हणजे एकोणीस-वीस किलोमीटर. मी बाईसारखी बाई, पोहे भिजवून बसले. साडेदहाला फोन, गाड्या हलत नाहीयेत. साडेअकराला फोन, गुरेघरपाशी आहोत, मुलं उतरून सँडविच खायला गेलीत. बाराला फोन, मुलं सापडली, गाडी पुढे गेली. एक वाजता नाक्यावरून भाऊजींचा फोन. "वहिनी, इथे प्रवासी कर मागतायत, जरा बोला ना ह्यांच्याशी, सांगा आम्ही लोकल आहोत." एमएच तेरा नंबरच्या दोन गाड्या, टपावर बॅगा, खिडकीतून बाहेर आलेला एक पाय, आणि हे लोकल. मी म्हटलं, भाऊजी, भरा, माझा नवरासुद्धा नवीन गाडी घेतली तेव्हा पहिल्याच दिवशी नाक्यावर अडवला गेला होता. पोह्यांचा तोपर्यंत लगदा झालेला, त्याचे मी कटलेट केले, ते सगळ्यांना खूप आवडले, रेसिपी मागितली. काय सांगणार, तीन तास ट्रॅफिकमध्ये मुरवा?

वन्संनी येताना प्रेमाने शेंगाचटणी आणि कडक भाकरीचा मोठ्ठा डबा आणलेला. सोलापूरची कडक भाकरी महिनाभर राहते म्हणतात. आमच्याकडे ती रात्रभर राहिली. सकाळी डबा उघडला तर सगळ्या भाकऱ्या माना टाकून पडलेल्या, घडी घातली तर घडी पडत होती. वन्सं बघतच राहिल्या. "अगं ही दगडावर आपटली तरी मोडत नाही!" मी म्हटलं वन्सं, इथे दगडालाही शेवाळ येतं, भाकरीचं काय घेऊन बसलात.

आता पॉइंट. महाबळेश्वरात आलेल्या माणसाला पॉइंट 'करायचे' असतात. बघायचे नाही, करायचे. किती झाले, किती राहिले. इथल्या टॅक्सीवाल्यांकडे त्याचे ठरलेले पॅकेज असतात पण पाहुणे म्हणतात, टॅक्सी कशाला, वहिनी आहे ना! म्हणजे मी पुढच्या सीटवर बसून 'आता डावीकडे' म्हणायचं, आणि मागच्यांनी विचारायचं की ह्या पॉइंटला हे नाव का. एकोणीस वर्षांत मी एवढी तयार झालेय की झोपेत विचारलं तरी सांगेन. विल्सन पॉइंट सगळ्यात उंच, १४३९ मीटर, सनराइज तिथूनच, मुंबईचा गव्हर्नर लेस्ली विल्सनचं नाव. केट्स पॉइंट, गव्हर्नर माल्कमच्या मुलीचं नाव. आर्थर सीट, आर्थर मॅलेटचं, त्याची बायको आणि मूल सावित्री नदीत बुडून गेलं आणि तो इथे येऊन नदीकडे बघत बसायचा असं गाइड सांगतात. हे सांगताना आवाज जरा खाली आणायचा असतो, इथल्या गाइड लोकांचं बघून शिकले. लॉडविक पॉइंट, हा १८२४ साली इथे चढून आलेला पहिला साहेब, त्याच्या मुलाने त्याच्या आठवणीत तिथे खांब उभारलाय.

हा लॉडविक म्हणजे माझ्या मते महाबळेश्वरचा पहिला पाहुणा. तोही सहजच आला असणार. खाली जाऊन त्याने चार लोकांना सांगितलं हवा फार छान आहे, आणि मग चारच वर्षांत गव्हर्नर जॉन माल्कम हजर. तो तर असा पाहुणा की साताऱ्याच्या महाराजांकडून जागाच मागून घेतली आणि गावाला नावही त्याचंच, माल्कम पेठ. शिवाय मुलीच्या नावाने पॉइंट. बरोबर आलेल्या प्रत्येकाच्या नावाने एकेक दगड. आणि ह्या सगळ्या काळात त्यांना जेवायला कोण घालत होतं, चहा कोण टाकत होतं, तिच्या नावाचा एक कठडासुद्धा नाही. मी हे एकदा जेवताना बोलले तर ह्यांनी सुचवलं, आपल्या मोरीच्या खिडकीतून दरी दिसते, तिला तुझं नाव देऊ. दिसते थोडीशी, एप्रिलमध्ये.

सासूबाईंचा ह्या बाबतीतला रेकॉर्ड वेगळाच आहे. त्यांचं माहेर मेढ्याकडचं, लग्न करून इथे येऊन पन्नास वर्षं झाली, आणि त्या पॉइंटवर एकूण तीनदा गेल्यात. तिन्ही वेळा पाहुणे डबा घरी विसरले म्हणून पोचवायला. "काय असतंय तिथं," त्या म्हणतात, "पुढं जमीन संपती."

शनिवारी सकाळी निघालो. धुकं असं की बॉनेटवर बसलेला कावळा दिसेना, फक्त ऐकू येत होता. मी दोनदा सुचवून बघितलं की आज घरीच बसू, मी भजी करते. भाऊजी म्हणाले, "वहिनी, चारशे किलोमीटर आलोय." हे साफ खोटं, सोलापूर इतकं लांब नाही, पण पाहुण्याचं अंतर गुगलवर मोजायचं नसतं.

आधी क्षेत्र महाबळेश्वर, गावापासून सहा-एक किलोमीटर. भाऊजींचे वडील, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, त्यांच्यासाठी ही खरी ट्रिप. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री ह्या पाच नद्या एकत्र गोमुखातून पडतात. अण्णांनी मात्र वाचून ठेवलेलं की धारा पाच नाहीत, सात आहेत. भागीरथी बारा वर्षांनी येते आणि सरस्वती साठ वर्षांनी, अशी श्रद्धा आहे. त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "आज सरस्वती आहे का?" जणू मी तिला किचनमध्ये मदतीला बोलावलंय. मी म्हटलं अण्णा, यंदा नाही. "मग शेवटची कधी आली होती?" माझ्या लग्नाच्या आधी, असं ठोकून दिलं. ते मान हलवून "बरोबर आहे" म्हणाले, काय बरोबर होतं देव जाणे.

एक गोष्ट मात्र मला त्या देवळात दर वेळी सुचते. ह्या नद्या जन्मल्या इथे, पण थांबली एकही नाही. सावित्रीने तर थेट कोकणाची वाट धरली, बाकीच्यांतली वेण्णा माहुलीला जाऊन कृष्णेला गाठते, कोयना कराडला, आणि कृष्णा तर पार आंध्रात जाऊन समुद्राला मिळते, चौदाशे किलोमीटर. म्हणजे बघा, सोईचं असतं इथे राहणं तर एक तरी राहिली असती की नाही. त्यांनाही कुणीतरी 'सहज येतोय' म्हणालं असणार.

अण्णांनी पिशवीतून पाच लिटरचा कॅन काढला. तेलाचा, धुतलेला, तरी करडईचा वास येणारा. तो त्यांनी गोमुखाखाली धरला, मागे पन्नास लोकांची रांग, कॅनचं तोंड बारीक, धार जाड, अण्णा खांद्यापर्यंत भिजले पण कॅन शेवटच्या थेंबापर्यंत भरूनच उठले. "सोलापुरात सगळ्या आळीला वाटायचंय." तो कॅन मग दिवसभर माझ्या मांडीवर. मागे जागा नव्हती.

तिथून पुढे आर्थर सीट. वाटेत वाघाचं पाणी, तिथे वन्संच्या मुलाने वाघ कुठे आहे विचारलं, मी म्हटलं धुक्यात असेल, त्यानंतर तो पॉइंट येईपर्यंत माझा दंड सोडत नव्हता. पॉइंटवर पोचलो. कठड्याला टेकून उभे राहिलो नऊ अधिक मी, आणि समोर पांढरं. म्हणजे काहीही नाही, नुसतं पांढरं, कुणीतरी दरीवर धोतर वाळत टाकल्यासारखं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. अशा वेळी यजमानाला अपराधी वाटतं, हे ज्यांच्या गावात पॉइंट नाहीत त्यांना नाही कळायचं. मग मी बोट करून सुरू केलं. "हे असं समोर खाली सावित्रीचं खोरं, एकदम सरळ कडा. ह्या बाजूला जोरचं खोरं, हिरवंगार. हवा स्वच्छ असली की तिकडे रायगड दिसतो." सगळ्या माना बोटाबरोबर इकडून तिकडे. भाऊजींच्या बहिणीचे मिस्टर म्हणाले, "हां, हां, दिसला दिसला." रायगड! मला स्वतःला माझं बोट दिसत नव्हतं नीट. पण त्यांनी फोटोही काढला. पांढऱ्यावर बोट ठेवून बायकोला दाखवत होते, हे बघ, टकमक टोक.

आर्थर सीटचा एक खेळ असतो, दरीतून वारा एवढ्या जोरात वर येतो की हलकी वस्तू खाली टाकली की ती परत वर येते. लोक बाटल्यांची बुचं टाकतात, तसं करू नये, सगळा कचरा शेवटी दरीतच जातो, मी पाहुण्यांना झाडाची पानं देते. भाऊजींनी पान टाकलं, भिरभिरत वर आलं. पोरं ओरडली. दुसरं पान, तेही आलं. तिसरं आलं. आता भाऊजींना वाटलं आपल्याला शास्त्र समजलं. त्यांनी डोक्यावरची नवी कोरी टोपी काढली, आदल्या रात्रीच बाजारपेठेत साडेतीनशेला घेतलेली, घासाघीस करून सहाशेवरून खाली आणलेली, आणि मोठ्या रुबाबात दरीत सोडली.

आम्ही पाच मिनिटं वाट बघितली.

मग धाकट्याने विचारलं, "पप्पा, कोकणातून एसटीने येईल का?" त्यानंतर गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

एलिफंट हेड करायचाच होता. धुक्यात हत्ती दिसणं शक्यच नव्हतं, पण पार्किंगमध्ये माकडं होती. त्यातल्या एकाने वन्संच्या हातातली वेफर्सची पिशवी अशी काही घेतली की काढून घेतली म्हणावं की त्यांनी दिली म्हणावं कळेना. मग तो समोर बसून एकेक वेफर बघून खायला लागला, मऊ निघालेले बाजूला टाकून. इथल्या दमट हवेत कुरकुरीत काय असतं ते त्यालाच कळतं.

वन्संचा खरा जीव अडकला होता स्ट्रॉबेरीत. "आपण शेतात जाऊन तोडून खायच्या, मी रील बघितलंय." आता स्ट्रॉबेरी येते थंडीत, डिसेंबरपासून धरून चाला ते एप्रिलपर्यंत. ऑगस्टमध्ये शेतात फक्त चिखल आणि चिखलात उभा राहून आभाळाकडे बघणारा शेतकरी, पाऊस ओसरला की गादीवाफे करून रोपं लावायची म्हणून. हे मी समजावून सांगितलं, विंटर डॉन, स्वीट चार्ली, कॅमारोसा अशा जातींची नावंही सांगितली, म्हणजे माहिती देऊन समाधान होतं का बघावं. नाही झालं. वन्सं म्हणाल्या, "पण तुम्ही इथलेच ना, तुम्हाला तर मिळत असतील." म्हणजे आम्ही लोकल लोकांनी एक गुप्त झाड ठेवलंय, बारमाही. शेवटी बाजारात क्रीम घातलेली फ्रोजन खाल्ली, तिचाच फोटो काढला, आणि क्रशच्या सहा बाटल्या, चणे, फुटाणे, दोन चामडी चपला. चपलांना सोलापूरला पोचेपर्यंत लव येऊ नये म्हणून मी मनातल्या मनात प्रार्थना केली.

घरी आलो तर लाइट नव्हती. वादळात झाड पडलं की आमच्याकडे लाइट जाते ती कधी येईल सांगता येत नाही. मोटर बंद, टाकीत पाणी थोडं, आणि बारा-तेरा माणसं. दुसऱ्या दिवशीचा प्रतापगड सर्वानुमते कॅन्सल झाला, आंबेनळी घाटात ह्या धुक्यात कोण जाणार, तर अण्णांनी मेणबत्तीच्या उजेडात अफझलखानाचा वध घरातच केला. १० नोव्हेंबर १६५९ पासून सुरुवात करून, वाघनखं म्हणून माझा काटेचमचा, खान म्हणून भाऊजी. भाऊजी आधीच टोपीच्या दुःखात होते, पडले ते उठेचनात. खरं सांगू, पूर्ण तीन दिवसांत सगळ्यात जास्त हसलो ते तेव्हाच, आणि सासूबाईही पदर तोंडाला लावून हसत होत्या.

रात्री झोपायची व्यवस्था म्हणजे आणखी एक वेगळा लेख होईल. घरातल्या सगळ्या रजया, सगळ्या दमट. अण्णा म्हणाले पाण्यात झोपल्यासारखं वाटतंय, आळंदीला जाऊन आल्याचं पुण्य मिळेल.

रविवारी सकाळी लाइट नव्हतीच. सासूबाई आमच्या आधी उठून चहाला लागलेल्या, मोठ्या पातेल्यात, आलं-गवतीचहा घालून. सगळ्यांनी दोन-दोन कप घेतला. अण्णांनी तीन. कप खाली ठेवून ते डोळे मिटून म्हणाले, "काय चव आहे! इथल्या पाण्याचीच बात वेगळी. सोलापुरात असा चहा होणं शक्य नाही." वन्सं म्हणाल्या किंचित कसला तरी वास येतो पण छान आहे. मी म्हटलं गवतीचहाचा असेल.

अकराला निघाले. बॅगा चढवल्या, मुलं मोजली, नववा मुलगा दोन्ही गाड्यांत नव्हता तो शेजाऱ्यांकडे टीव्ही लागतोय का बघायला गेलेला, तो आणला. वन्संनी मला मिठी मारली, डोळ्यात पाणी, "तू इतकं केलंस गं, आता तू ये सोलापूरला, हुरडा पार्टीला." गाड्या वळणावरून गेल्या, मी आत येऊन खुर्चीवर बसले तर खुर्चीवर ओला टॉवेल होता, त्याच्यावरच बसून राहिले.

तासाभराने पसरणी घाट उतरताना फोन आला. खाली वाईला लख्ख ऊन पडलंय म्हणे, धोम धरणापर्यंत सगळं स्वच्छ दिसतंय, फोटो पाठवतो. आणि मग अण्णा फोनवर आले, जरा घाबरलेले. "सूनबाई, तो तीर्थाचा कॅन तुमच्याकडे राहिला की काय? डिकीत नाहीये."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. कॅन ओट्याखाली होता. आडवा. रिकामा.

सासूबाई भाजी निवडत होत्या. "तो होय? सकाळी टाकीत थेंब नव्हता. तेवढाच भरलेला दिसला, मग त्याचाच चहा टाकला की सगळ्यांना."

मी फोनवर म्हटलं, "हो अण्णा, आहे आहे. ठेवलाय जपून."

"मग राहू दे तिथंच," अण्णा एकदम खूश झाले, "आम्ही दिवाळीत येतोच आहोत, तेव्हा नेऊ. आता चौघंच येऊ."

म्हणजे दिवाळीच्या आधी मला एकटीला कधीतरी पंचगंगेला जाऊन रांगेत उभं राहून पाच लिटर भरून आणायचंय. कॅन तीनदा साबणाने धुतला, अजून करडईचा वास जात नाहीये, पण तो आता घालवूनही चालणार नाही, अण्णा ओळखतील.